झिजलेली एकवीरा

देवीला नाक उरलं नाही, हे घरात पहिल्यांदा बोलून दाखवलं ते शकूनं. तोवर ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. गणपती गेले होते. भादव्याचं ऊन कामोठ्याच्या कौलांवर नुसतं ओतत होतं, आणि भामा जुन्या घराच्या अंगणात बसून देवीला चिंचेच्या कोळानं घासत होती. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घराच्या ओट्यावरून शकू, तिच्या मोठ्या दिराची, जगनची बायको, खाली वाकली आणि म्हणाली, "वयनी, अवरी घासू नको गो. डोले गेले, नाक गेलं, आता काय रायलंय घासाला?"

भामा हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

तिला लग्न होऊन आल्या आल्या सासूनं हीच देवी हातात दिली होती. वीतभर उंचीची एकवीरा, पितळेपेक्षा जरा तांबूस. घरात सगळे पंचधातूची म्हणत, आणि तिच्यात सोनं आहे असंही म्हणत. सासूनं सांगितलं होतं, रोज लख दिसली पायजे. भामानं ते शब्द गाठीला बांधले. चिंच, चुलीतली राख आणि विहिरीच्या काठची बारीक रेती. पुढं नवरा खाडीकाठच्या खारीच्या बांधावर साप चावून गेला. मूलबाळ नव्हतं. दोन दीर होते, जगन आणि कुमार. कुमार तर तेव्हा तिच्या पदराला धरून चालायचा. नवरा गेल्यावर बायका रडून घेतात, मग हळूहळू थांबतात. भामा रडली नाही, ती घासत बसली. त्या घासण्यात देवीच्या भुवया गेल्या, ओठ गेले, शेवटी नाकही गेलं, आणि ती आणखी आणखी लखलखत गेली.

शकूचं बोलणं मात्र साधं नव्हतं. बोलण्याआधी ते रात्रभर नवराबायकोत शिजलं होतं.

शेती नव्या शहरात गेली होती. जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट कुणाला कुठं मिळणार याच्याच गप्पा गावात पारापारावर चालत. जगननं आलेल्या पैशातून मुरमाचे डंपर घेतले होते आणि लोक त्याला शेठ म्हणायला लागले होते. कुमार तळोज्याच्या एका कंपनीत चिकटला होता. दोघांची घरं झाली. मधोमध उरलं ते जुनं कौलारू घर, त्यातली देवी आणि तिच्याबरोबरची भामा. आणि तेच घर नेमकं रस्त्याला लागून होतं. तिथं खाली गाळे आणि वर खोल्या असं जगनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अडचण एकच. देवीचा पाट हलवायचा नाही, ही त्या घराची रीत. आजा-पणजापासून ती जिथं बसली होती तिथंच बसली होती. पूर आला तेव्हा माणसं शाळेत गेली, देवी पाण्यात बसून राहिली. फक्त एक पळवाट होती. देवी झिजली किंवा भंगली तर तिला वितळवून नवी ओतायची, आणि नव्या देवीला नवी जागा चालते.

म्हणून शकूला नाक दिसलं.

दोन दिवसांनी दोघं दीर देवघरात येऊन बसले. जगननं घसा साफ केला. "वयनी, झिजलेली मूर्ती पूजेला चालत नाय. मी इचारलंय."

"कोनाला?"

"हाय एक जानकार. त्या देवीच्या दोन करू. एक माज्याकडं, एक कुमारकडं. भांडन नको."

"आनि मी?"

जगननं कुमारकडं पाहिलं. वाईट बोलायचं असलं की तो धाकट्याला पुढं करी. कुमार म्हणाला, "वयनी, तू सहा महिने इकडं, सहा महिने माझ्याकडं. तुला काय कमी आहे?"

"भाड्याच्या बैलासारखी?" भामा म्हणाली.

कुमारची मान खाली गेली. भामाला त्याची दया आली, तिला ती नेहमीच येई, आणि तिचं निम्मं नुकसान त्या दयेनंच केलं होतं. तिनं देवीकडं पाहिलं. मग म्हणाली, "दोन नको, तीन करा. माजी बोटाएवढी आसली तरी चालंल. जगन, तुज्या नव्या बिल्डिंगमदी माज्या देवीला एक खोली दे. त्या खोलीत मी पडून रायेन. कुनाच्या दारात सहा महिने मोजाला नको."

जगनला हे एवढ्यात सुटेल असं वाटलं नव्हतं. तो पटकन म्हणाला, "ठरलं. तीन देव्या. जिथं तुजी देवी, तिथं तुजी खोली."

त्या रात्री भामाला शांत झोप लागली. खोली केवढी असेल, खिडकी कुठल्या बाजूला असेल, एवढंच ती मनात बघत होती.

*

पनवेलला तळ्यामागच्या आळीत काशिराम ओतारी राही. आसपासच्या गावांतले देव, टाक, देवळातल्या घंटा, सगळं त्याच्या बापजाद्यांनी ओतलेलं. काशिरामनं देवी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि एकच सांगितलं, "साच्याला माती घरच्या शेतातली लागते. खारी नको, ती भट्टीत तडकते. गोड्या पाण्याच्या शेताची आणा."

घरचं गोड्या पाण्याचं शेत एकच होतं, आंब्याखालचं. आता ते घरचं नव्हतं आणि शेतही नव्हतं. त्यावर गुडघाभर मुरूम पडला होता, आणि तो टाकणारे डंपर जगनचेच होते. जगन म्हणाला, मला वेळ नाही. कुमारची ड्यूटी होती. शकूची कंबर धरली होती. तेव्हा भामानं टिकाव घेतला, घमेलं घेतलं आणि गेली.

मुरूम चांगला दबला होता. टिकाव मारला की ठिणगी उडे आणि हाताला झिणझिण्या येत. ती लुगड्याचा काचा मारून, पाय फाकवून मारत राहिली. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांत लाल धूळ गेली. वीतभर खड्डा झाला तेव्हा डंपरवरचा मुकादम धावत आला. परगावचा माणूस होता.

"ओ बाई, इथं खड्डा नाय करायचा. शेठ ओरडेल."

"कोन शेठ?"

"जगनशेठ."

"त्याचं शेंबूड पुसलंय मी," भामा म्हणाली आणि टिकाव उचलला.

मुकादमानं टिकाव दांड्याला धरला. "मग त्यांनाच इचारून या. तोपर्यंत थांबा."

ती थांबली. सावलीला झाड नव्हतं, ज्याच्या नावानं शेत होतं तो आंबा कधीच गेला होता. डंपर येत होते, तिच्या अंगावर धूळ उडवून रिकामे होत होते, आणि वरचे ड्रायव्हर मान वळवून बघत होते. ऊन कलायला लागल्यावर जगनची मोटारसायकल आली. तो खाली उतरला नाही, इंजिन चालूच ठेवलं.

"घेऊ दे रं माती," तो मुकादमाला म्हणाला. मग तिला, हळू आवाजात, "वयनी, चार मानसांत माजा शेंबूड काढू नको. लोक हसतात."

भामाला काहीतरी बोलायचं होतं. पण मोटारसायकल वळून गेलीसुद्धा. तिनं पुन्हा टिकाव मारला. मुरूम संपला आणि खाली काळी माती लागली, थंड, ओलसर, भाताची जुनी मुळं अजून धरून असलेली. तिनं मूठभर उचलून नाकाशी नेली. डोळ्यांत पाणी आलं तर धूळ गेली म्हणून सांगता येईल, असं तिला वाटलं, पण सांगायचं कुणाला होतं?

घमेलं भरलं. रिक्षावाल्यांनी माती घ्यायला नकार दिला, सीट खराब होते म्हणाले. ती डोक्यावर घेऊन हमरस्त्याच्या कडेनं पनवेलपर्यंत चालत गेली.

*

पुढचे दिवस तिनं काशिरामच्या पडवीत काढले. सकाळी घरचं आवरून जायची, दिवेलागणीला परत. काशिरामची बायको हौसा आणि ती मिळून माती तयार करत. माती चाळायची, शेणाचा रस गाळून त्यात घालायचा, भाताचं भूस जाळून त्याची काजळी घालायची, आणि मग मळायची. कणीक परवडली. ही माती मनगटं धरते. हौसा दमली की भाता ओढल्यासारखा श्वास टाकी आणि म्हणे, "बाय, तुमच्या देवीनं आमचं मरण काढलं." भामा म्हणे, "माजं तर कवाच काढलंय." दोघी हसत.

काशिराम मेण आणि राळ एकत्र तापवून देव्या घडवत होता. दोन मोठ्या, एक लहान. अंग झालं, हात झाले, हातातली आयुधं झाली. मग तो तोंडाशी येऊन अडला.

"भामाबाई, देवीचं तोंड कसं होतं?"

रोज जे हातात घेतलं ते कसं होतं, तिला सांगता येईना. जगनला विचारलं तर तो म्हणाला, देवीसारखं होतं. कुमारला काहीच आठवत नव्हतं. गावात विचारावं अशी एखादी म्हातारी होती, पण देवघरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही अशी भामाचीच शिस्त, त्यामुळं देवी कुणी जवळून पाहिलीच नव्हती. तिनं डोळे मिटले, काशिरामच्या हातातल्या मेणावर अंगठा ठेवला आणि हळूहळू फिरवू लागली. "हितं खोल व्हतं. हितं जरा वर. ओठ मिटलेले. हसत नव्हती, रागात पन नव्हती. कामातून जरा वर बगावं ना, तशी."

काशिराम तिच्या अंगठ्याबरोबर मेण दाबत गेला. एक क्षण तिला वाटलं, आली. मग काशिरामनं भिंतीवर खोचलेला कागद पाहिला. जगननं एक कॅलेंडर आणून दिलं होतं. त्यावरची देवी गोल गालांची होती, टपोऱ्या डोळ्यांची, हसरी.

"शेठनं असं सांगितलंय," काशिराम म्हणाला आणि मेण पुन्हा गुळगुळीत केलं.

"मोठ्या दोगी तशा करा. माजी ही अशी करा ना."

"बघू," काशिराम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण गावदेवीच्या देवळासाठी मोठी घंटा ओतायची होती, आणि देवळाच्या कमिटीत जगनचा शब्द चालत होता.

हात चालू असले की काशिरामचं तोंडही चाले. एकदा तो म्हणाला, "एकवीरा म्हणजे रेणुकाच. ती नदीवर जाऊन रोज कच्च्या वाळूचा घडा करायची आणि त्यात पाणी आणायची. मन जाग्यावर तोवर घडा जाग्यावर. एके दिवशी पाण्यात कुणी गंधर्व खेळताना दिसला, मन हललं, घडा ढासळला. जमदग्नी ऋषी तापट. पोरांना म्हणाला, आईला मारा. थोरल्यांनी नाही म्हटलं, त्यांना बापानं शापून निश्चेष्ट पाडलं. धाकट्यानं, परशुरामानं, कुऱ्हाड उचलली."

"मारली?"

"मारली. बाप खूश झाला, वर माग म्हणाला. पोरगा हुशार. म्हणाला, आई उठू दे, भाऊ उठू देत, आणि आईला मारल्याचं आठवू नये."

भामाचे हात मातीत थांबले. "वर कोनाला मिलाला मग? इसरायचं तिनं, आनि सुटायचा तो?"

हौसाला हसू फुटलं. काशिराम गंभीर झाला. "देवांच्या गोष्टीत असं खोदून विचारू नये, भामाबाई."

"मी खोदूनच माती आनलीय," भामा म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

मेणाच्या देव्यांवर आधी मऊ मातीचा लेप, मग भुसाच्या जाड मातीचा. वर धातू ओतायला तोंड ठेवायचं. तिन्ही साचे उन्हात वाळत बसले. लहान साच्याला भामानं स्वतः लेप दिला. आत तोंड कोणतं आहे ते काशिरामनं तिला दाखवलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल याची तिला भीती वाटत होती.

*

पितरांचे दिवस सुरू होते. जुनं मोडायला हेच दिवस बरे, नवं घटाला बसवायचं. सकाळीच काशिरामच्या पडवीत सगळे जमले. जगननं पांढरी पँट घातली होती. शकूनं नाकाला पदर लावला होता. कुमार रजा टाकून आला होता. भट्टी पेटली, हौसा भात्याला बसली. साच्यांमधलं मेण वितळून वाहून गेलं आणि ते लाल होऊन वाट बघत राहिले.

देवी लाल फडक्यात गुंडाळून ऐरणीवर ठेवली. मुशीत मावायची तर तिचे तुकडे करायला हवे होते. काशिरामनं हातोडा जगनपुढं धरला. "पहिला घाव घरातल्या वडील माणसाचा."

जगननं हात मागं घेतला. देवीवर घाव घालायचा म्हटल्यावर शेठपणा कुठल्या कुठं गेला. "वडील वयनी हाय," तो म्हणाला. "ती घालंल."

"मी?" भामा म्हणाली.

"तूच तर झिजवलीस तिला," शकू म्हणाली. "आता राह्यलंय काय?"

कुमारनं वर बघितलंच नाही. भामानं हातोडा घेतला. फोड आलेल्या तळव्याला दांडा चरचरला. तिनं मनात देवीला सांगितलं, खोलीसाठी नाही फोडत गो, तुझ्यासाठीच मागितली खोली. ते अर्धंच खरं होतं आणि तिला ते कळत होतं. डोळे मिटून तिनं घाव घातला.

टणकन आवाज यायला हवा होता. आवाज आला तो मडकं फुटल्यासारखा. फडकं खचलं. काशिरामनं ते उलगडलं. देवी कमरेतून दुभंगली होती आणि तिच्या पोटातून काळी, जळकी माती ऐरणीवर सांडली होती. धातू म्हणजे नुसती बाहेरची साल, बोटाच्या नखापेक्षा थोडी जाड.

भाता थांबला.

"हे काय?" जगन म्हणाला.

"आत माती असते कधी कधी," काशिराम म्हणाला. "पोकळ ओतीव."

"आमची देवी भरीव व्हती. आजा सांगायचा, सोनं हाय तिच्यात."

काशिरामनं तुकडे गोळा केले, हातात तोलून पाहिले आणि मान हलवली. "एवढ्यात दोन कशातरी होतील. तिसरी नाही. बाजारचं पितळ घातलं तर होईल."

"भेसल नको," शकू म्हणाली. "देवीत भेसल कशी चालंल?"

"मना चालंल," भामा घाईघाईनं म्हणाली. "माजी सगली पितलेची करा. भेसलीची चालंल मना." आपण भीक मागितल्यासारखं बोललो हे तिला ऐकू आलं, पण शब्द बाहेर पडले होते.

शकूनं नाकावरचा पदर खाली घेतला. ती ऐरणीवरच्या मातीकडं बघत होती. बघता बघता तिच्या डोळ्यांत काहीतरी लखकन आलं. "वयनी, ही आपलीच देवी कशावरून?"

"म्हंजे?"

"म्हंजे ही माती कुठून आली? देवघराला कुलूप तुजं. कोनाला हात लावू देत नव्हतीस. सोन्याची देवी गेली आनि मातीची आली, कोनाला कललं आसतं? तोंड आसतं तर वलखली आसती. तोंड तर तू ठेवलंच नायस."

भामाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिनं जगनकडं पाहिलं, त्यानं ऐरणीकडं पाहिलं. तिनं खाली वाकून मातीची ढेप उचलली, बोटांनी चुरली. "जगन, बघ रं. भूस हाय हिच्यात जललेलं. काली माती हाय. आंब्याखालची माती ही, मी आठ दिस मलतेय, मना वलखाला येनार नाय? तुज्या पणज्यानं हिचीच माती दिली आसंल साच्याला. काशिरामदादा, सांगा की! तुमच्या घरचंच काम हाय ना हे?"

काशिरामनं माती बघितली. त्यानं ती पहिल्याच दिवशी, देवी उलटी करून बघताना, तळाशी पाहिली होती. त्याचा आजा पोकळ देव ओतायचा हे आळीतल्या कुणीही सांगितलं असतं. त्याला फक्त एवढंच बोलायचं होतं. पण बोललं की शेठची सोन्याची देवी पहिल्यापासून मातीचीच ठरणार होती, आणि तेही सगळ्यांसमोर. घंटेचं काम दुसऱ्या कुणाकडं जायला मग वेळ लागला नसता.

"जुन्या कामाचं मी काय सांगू?" तो म्हणाला. "तेव्हा मी नव्हतो. मला जे दिलं ते मी वितळवणार."

हौसानं भाता जोरात दाबला. तिला नवऱ्याची लाज वाटली असावी, कारण त्यानंतर तिनं भामाकडं पाहिलं नाही.

तुकडे मुशीत गेले. धातू पाण्यासारखा झाला, वर हिरवी ज्योत नाचली. काशिरामनं सांडशीनं मूस उचलली आणि दोन साच्यांच्या तोंडांत ओतली. तिसरा, लहान साचा शेजारी लाल होऊन बसला होता. तो तसाच हळूहळू काळा पडत गेला. भामा तिथंच बसून होती. सगळे चहाला गेले तरी ती उठली नाही.

*

घट बसायच्या दिवशी दोन्ही देव्या कामोठ्यात आल्या. जगननं बेंडबाजा सांगितला होता. साचे फोडून, कानस मारून, छिन्नीनं डोळे उघडून काशिरामनं त्या चकचकीत केल्या होत्या. गोल गाल, टपोरे डोळे, हसू. बायकांनी ओवाळलं. म्हातारे म्हणाले, छान झाली, अगदी फोटोसारखी झाली.

तोवर गावभर झालं होतं. विहिरीवर भामा गेली की बायका कळशा लवकर भरत. कुणी म्हणे तिनं देवी माहेरी पोचवली, कुणी म्हणे पनवेलच्या सोनाराला. कालपर्यंत जिच्या पाया पडत होते तिच्याबद्दल असं बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही. उलट आपल्याला आधीपासूनच संशय होता, असं जो तो सांगत होता.

जगनच्या नव्या घरात, संगमरवरी देव्हाऱ्यासमोर, आरती झाल्यावर माणसं हलली नाहीत. भामा उंबऱ्याशी उभी होती. कुणी तिला आत ये म्हणालं नव्हतं.

"वयनी," जगन म्हणाला, "लोकांची तोंडं बंद कराला पायजेत. आपली रीत तुला म्हाईत हाय. देवी हातात घे आनि सांग, मी घेतली नाय म्हनून. एवरं सांगितलंस की खोली तुजी. मी कोनाचं ऐकनार नाय."

तशी रीत त्या घरात होतीच. कुणाचा सोन्याचा डाग हरवला, कुणावर आळ आला, की घरची देवी तळहातावर घ्यायची आणि एक वाक्य बोलायचं. देवी हातात घेऊन खोटं बोलायची छाती कुणाची नव्हती. त्यामुळं जो बोलला तो सुटला, आणि जो बोलला नाही तो गेला.

जगन हे मनापासून म्हणाला असेलही. त्यालाही कुठंतरी हे संपवायचं होतं. एक वाक्य. बोललं की खिडकीची खोली.

शकूनं देव्हाऱ्यातली देवी उचलली आणि भामाच्या हातावर ठेवली.

ती हलकी होती. कडा अजून बोचत होत्या, कुठंच झिजलेलं नव्हतं. भामाचा अंगठा सवयीनं तोंडावर गेला आणि एका टोकदार नाकाला अडला. तिनं देवीकडं बघितलं. देवी तिच्याकडं बघत हसत होती, तशीच जगनकडं, तशीच बेंडवाल्याकडं.

"बोल," शकू म्हणाली.

भामाचे ओठ हलले. सगळे पुढं सरकले.

"हिला काय सांगू?" ती म्हणाली. "ही कालची. हिला माजं काय म्हाईत? जी घरात बसून सगलं बगत व्हती, तिला तर तुमी माज्याच हातानं फोडलीत."

"म्हंजे आन घेत नायस?"

"कोनाची घेऊ?"

तिनं देवी वाकून उंबऱ्यावर ठेवली. बायकांमधून हूं असा आवाज गेला. कुमार म्हणाला, "वयनी, बोल ना गं एकदा. काय जातंय?" त्याचा आवाज रडका होता. भामानं त्याच्याकडं पाहिलं. आज प्रथमच तिला त्याची दया आली नाही.

"बगितलं ना सगल्यांनी," शकू म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. देवीनं न्याय केला, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि जगननं देव्हाऱ्याकडं तोंड करून दोन्ही हात जोडले. त्याचे खांदे सैल पडले. जुन्या घराच्या कौलांवर सोमवारी माणसं चढवायची, हे त्यानं तिथंच उभ्या उभ्या कुमारच्या कानात सांगितलं.

शकूनं देवी उचलून पुसली, जागेवर ठेवली आणि नारळ फोडला. प्रसाद फिरला. आधी म्हातारे, मग बेंडवाले, मग बायका, पोरं. शेवटी ती उंबऱ्याशी आली. भामा अजून तिथंच होती, कारण जायचं कुठं ते तिला सुचत नव्हतं. शकूनं दारात आलेल्या कुणालाही देतात तसा, हाताला हात न लागू देता, वरून खोबऱ्याचा तुकडा टाकला.

भामाचा सकाळपासून उपास होता. तिनं तो खाल्ला.